स्पायडरमॅनचे ८७ गुण रिव्ह्यूवाल्यांनी नक्की कशाला दिले?

अमोघ_र (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकतो. इन्सोम्नियॅक स्टुडिओचा 'मार्व्हल्स स्पायडरमॅन' (२०१८ चा, पीएस४ वर आलेला) परत पहिल्यापासून खेळायला घेतलाय आणि त्या निमित्ताने तेव्हाचे रिव्ह्यू पुन्हा चाळले. मेटाक्रिटिकवर (सगळ्या रिव्ह्यूंचे गुण गोळा करून एक आकडा काढणारी साइट) १०० पैकी ८७. आयजीएन या गेमच्या साइटने १० पैकी ८.७ दिले होते. आणि एवढे गुण देणाऱ्या बहुतेक सगळ्यांची तक्रार मात्र एकच, की शहरभर विखुरलेली कामं तीच ती आहेत. टॉवर चालू करा, बॅगा शोधा, फिस्क या गुंडांच्या म्होरक्याच्या अड्ड्यावर लाटांमागून लाटा झोडपा, झालं की पुढच्या अड्ड्यावर तेच. तक्रार खोटी नाहीये, मीही आत्ता तेच करतोय.

मग प्रश्न असा पडतो की ओपन वर्ल्ड (शहरभर मोकळं फिरता येईल अशा) गेममधलं ओपन वर्ल्डच शिळं वाटत असेल तर ८७ आले कुठून?

माझं मत सांगतो. ते ८७ झोक्याचे आहेत. अव्हेंजर्स टॉवरच्या टोकावरून उडी मारायची आणि आर२ (जाळं सोडायचं बटण) लगेच दाबायचा नाही. खालच्या पिवळ्या टॅक्सी मोठ्या मोठ्या होत जातात, वाऱ्याचा आवाज वाढतो, आणि अगदी शेवटच्या क्षणी आर२ दाबला की जाळं चिकटतं, स्पायडी रस्त्याला पाय घासून जाईल इतक्या खालून जातो आणि त्याच वेळी मागचं संगीत चढतं. झोका तळाशी असताना सोडला तर वेग मिळतो, वर गेल्यावर सोडला तर उंची मिळते. हे समजलं की मॅपवर टिंब कुठलं आहे याने फरकच पडत नाही, तिथपर्यंत जायला मजा येते. रिव्ह्यूवाल्यांनी हे लिहिलंय, पण एका परिच्छेदात, आणि मग चार परिच्छेद साइड मिशनांवर, म्हणजे मुख्य गोष्टीबाहेरच्या कामांवर. तुम्हाला काय वाटतं? सुपरहिरो गेम जोखायचा तर कशावर?

रात्रपाळी_गेमर
+१०००. फास्ट ट्रॅव्हल (मॅपवरून थेट हव्या जागी पोचायची सोय) असूनही मी वापरत नाही, यातच सगळं आलं.

मृण्मयी_ज
जोरदार असहमत :) झोका भारी आहे, वादच नाही, पण ८७ झोक्याचे नाहीत, गोष्टीचे आहेत.
(ज्यांनी खेळला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा, रसभंग होईल.)
पीटर इथे २३ वर्षांचा आहे आणि आठ वर्षं स्पायडरमॅन म्हणून वावरतोय. कोळी चावला, काका गेले, हे सगळं आपल्याला माहीत आहे असं धरूनच गोष्ट सुरू होते, हा निर्णयच किती धीराचा होता. आणि ऑटो ऑक्टेव्हियस! पहिले कितीतरी तास तो पीटरचा लाडका सर आहे, दोघं मिळून अपंगांसाठी कृत्रिम हात बनवतायत. तो पुढे कोण होणार हे प्रत्येकाला माहीत असतं, फक्त पीटरला नसतं. शेवटी मे काकूसाठी औषध ठेवायचं की ते सगळ्या शहराला वाचवायला द्यायचं, तो प्रसंग मी खेळले तेव्हा कंट्रोलर खाली ठेवला होता. हे झोक्याने होत नाही.

अजून एक, ज्याकडे कमी लोकांचं लक्ष गेलं. युरी लोवेन्थलने पीटरचे बरेच संवाद दोनदा रेकॉर्ड केलेत, एकदा निवांत उभं असतानाचा आवाज आणि एकदा झोके घेत असताना दमलेला आवाज. फोनवर एमजेशी (मेरी जेन, पीटरची मैत्रीण) बोलता बोलता तुम्ही उडी मारलीत तर आवाज त्याच वाक्यात बदलतो. म्हणजे अमोघ, तुमचा झोकासुद्धा गोष्टच सांगतोय.

अमोघ_र
मृण्मयीताई, दोनदा रेकॉर्डिंगचा मुद्दा भारी आहे. पण त्याने माझीच बाजू पक्की होते की! अभिनेत्याला दुप्पट काम लावलं ते झोक्यासाठीच ना.

काटेकोर
मंडळी, आधी ८७ म्हणजे काय ते बघू, नाहीतर हवेत गोळीबार होतोय. मेटाक्रिटिकचा आकडा साधी सरासरी नसतो, काही प्रकाशनांना जास्त वजन दिलेलं असतं, कुणाला किती ते साइट जाहीर करत नाही. दुसरं, ज्यांनी गुण दिलेच नाहीत ते त्यात धरलेच जात नाहीत. कोटाकू गुण देत नाही. युरोगेमरने २०१५ मध्ये गुण बंद केले होते, पुढे २०२३ मध्ये पाच ताऱ्यांची पद्धत आणली, म्हणजे २०१८ च्या स्पायडरमॅनला त्यांचा आकडाच नाही. तिसरं, ७५ च्या वर हिरवा रंग, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. मोठ्या बजेटचा, धड चालणारा गेम ७५ च्या खाली गेला तर बोंब होते. म्हणजे खरी स्पर्धा ७५ ते ९५ या वीस गुणांतच असते, आणि त्यात ८७ म्हणजे 'खूप छान, पण वर्षातला सर्वोत्तम नाही'. तसंच झालं. त्या वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये नामांकन होतं, पुरस्कार गॉड ऑफ वॉरने नेला.

आकड्याला किती किंमत असते त्याचं उदाहरण: फॉलआउट न्यू व्हेगस, २०१० चा. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियनला बोनस मिळायची अट मेटाक्रिटिकवर ८५ होती, मिळाले ८४. हे त्यांच्याच माणसाने नंतर जाहीर सांगितलं. एका गुणासाठी!

रात्रपाळी_गेमर
बाप रे, एका गुणाने बोनस गेला?? त्या एका गुणवाल्या रिव्ह्यूअरला झोप कशी लागली असेल.

जुना_कन्सोल
तुम्ही सगळे २०१८ पासून सुरुवात करताय म्हणून वाईट वाटलं. २००४ चा स्पायडरमॅन २ कुणाला आठवतोय का? ट्रेयार्कने केलेला, पीएस२ आणि एक्सबॉक्सवरचा. त्याच्या आधीच्या स्पायडरमॅन गेममध्ये जाळं चक्क आभाळाला चिकटायचं, वर काही असो नसो. याच्यात पहिल्यांदा जाळं खऱ्या इमारतीला चिकटायला लागलं. शेजारी इमारत नसेल तर झोका नाही, पार्कात आलात की पायी चाला. डाव्या इमारतीला चिकटलं की तुम्ही डावीकडे वळणार, वेग तुमच्या वजनाचा आणि दोरीच्या लांबीचा. शिकायला वेळ लागायचा, पहिल्या दिवशी भिंतींवर आपटून आपटून जीव जायचा, पण एकदा हात बसला की स्वर्ग. इन्सोम्नियॅकने पुढे जे केलं त्याची पायाभरणी तिथली आहे.

आणि धाग्याच्या प्रश्नाला धरून सांगतो, तेव्हाचे रिव्ह्यूही हेच म्हणत होते! झोका अप्रतिम, बाकी कामं रटाळ. पिझ्झा पोचवा, पोराचा फुगा पकडा, दरोडा थांबवा, परत फुगा पकडा. चौदा वर्षांत टीकेतला शब्द बदलला नाही.

मृण्मयी_ज
फुगा!!! किती वर्षांनी आठवण काढलीत काका. एवढ्या मोठ्या शहराला वाचवायचं सोडून पोरगं रडतंय म्हणून आपण ढगात.

स्नेहल_प
आणि पिझ्झा पोचवताना वाजणारं ते इटालियन धाटणीचं संगीत. ते ऐकलं की अजून घाई होते, हात आपोआप शिवशिवतात.

जुना_कन्सोल
बरोब्बर. हां, पीसीवर ज्यांनी तो घेतला त्यांनी मात्र मी कुठल्या गेमबद्दल बोलतोय असा विचार करू नका. पीसीवर त्याच नावाचा वेगळाच गेम दिला होता, दुसऱ्या कंपनीने केलेला, लहान मुलांसाठी सोपा करून, आणि झोक्याची सगळी जादू काढून टाकलेली. ज्यांनी कन्सोलवरचं कौतुक वाचून पीसीवर घेतला त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

निशाचर
बॅटमॅनला कुणी बोलवणार आहे की नाही? अर्खम सिटी, २०११, पीएस३ वर मेटाक्रिटिक ९६. शहाण्णव! आणि त्याचं शहर स्पायडरमॅनच्या मॅनहॅटनच्या मानाने अगदीच लहान. गॉथमचा एक भाग भिंत घालून तुरुंग केलाय, तेवढंच. पण प्रत्येक गल्लीत काहीतरी आहे, छपरावर उभं राहिलं तर खाली गुंड एकमेकांशी बोलतायत ते ऐकू येतं, आणि ते तुमच्याबद्दलच बोलतायत, मघाशी तुम्ही काय केलंत त्याबद्दल. रिव्ह्यूवाल्यांनी त्या दाटीचे गुण दिले. म्हणून अमोघराव, फक्त फिरण्याचे गुण असते तर अर्खमला ९६ नसते मिळाले, बॅटमॅन नुसता तरंगतो.

एक निरीक्षण नोंदवतो. अर्खम सिटीत सामान्य माणूस नाही, कारण तुरुंग आहे. अर्खम नाइटमध्ये सामान्य माणूस नाही, कारण स्केअरक्रोच्या भीतीने शहर रिकामं केलंय. हे गेम बनवणाऱ्या रॉकस्टेडीने दोन्ही वेळा कथेतच सोय करून ठेवली, कारण सामान्य लोक रस्त्यावर आले की बॅटमोबाइल तोफ डागत कशी जाणार? इन्सोम्नियॅकने शहर माणसांनी भरलेलं ठेवलं आणि तरी नायकाला नायकासारखं वागायला लावलं. मी बॅटमॅनवाला आहे, पण याचे गुण त्यांना द्यायलाच हवेत.

काटेकोर
निशाचर, बॅटमॅन 'नुसता तरंगतो' हे मान्य नाही. सूर मारून खाली यायचं, मग वर उचलायचं, वेगाचं गणित तेच आहे. आणि ग्रॅपनेलचा (दोर फेकायच्या बंदुकीचा) बूस्ट मिळाल्यावर जमिनीला पाय न लावता आख्खं अर्खम फिरता येतं.

निशाचर
बूस्ट मिळाल्यावर. मिळेपर्यंत ना :) पण ठीक आहे, अर्धा मुद्दा तुमचा.

समीर_खेळकर
सुपरहिरो गेम जोखायचा कशावर या मूळ प्रश्नाला सर्वात चांगलं उत्तर एका फसलेल्या गेममध्ये आहे असं मला वाटतं. २००६ चा सुपरमॅन रिटर्न्स, ईएचा. सुपरमॅनला काही लागतच नाही, मग गेममध्ये हरायचं कसं? त्यांनी युक्ती केली की आरोग्याची पट्टी सुपरमॅनला नाही, मेट्रोपोलिस शहराला दिली. शहराचं नुकसान झालं की तुम्ही हरलात. कल्पना म्हणून ही आजही सगळ्यात हुशार आहे. पण अमलात आणताना सगळं उरलं ते आग विझवा, रोबोट मारा, परत आग विझवा, आणि शेवटचा मोठा शत्रू म्हणजे चक्रीवादळ. रिव्ह्यूवाल्यांनी धुतला आणि योग्यच केलं. कल्पनेला गुण देऊन चालत नाही, हातात कंट्रोलर धरल्यावर काय होतं त्याचे गुण.

रात्रपाळी_गेमर
चक्रीवादळाला बुक्का मारणारा एकमेव सुपरहिरो.

सिद्धार्थ_क
मला अमोघच्या प्रश्नात वेगळंच काहीतरी दिसतं. रिव्ह्यू लिहिणाऱ्याला गेम प्रकाशनाच्या आधी मिळतो, अमुक तारखेपर्यंत काही छापायचं नाही असं बंधन असतं, आणि त्या तारखेला सगळ्यांबरोबर रिव्ह्यू आला नाही तर वाचक दुसरीकडे जातो. म्हणजे त्याला ओपन वर्ल्ड गेम सलग, दिवसदिवस बसून संपवावा लागतो. आता विचार करा, गाडीचा पाठलाग हा गुन्हा. टपावर उडी, खिडकीतून येणाऱ्या गोळ्या चुकवा, गुंडांना ओढून काढा, गाडी जाळ्याने थांबवा. आपण कामावरून येऊन रात्री तासभर खेळतो, असे दोन पाठलाग करतो, मजा वाटते. तो एका दुपारी पंचवीस करतो. त्याला रटाळ वाटणारच. त्याची तक्रार प्रामाणिक आहे, पण ती त्याच्या खेळण्याच्या पद्धतीची तक्रार आहे. ओपन वर्ल्ड हा प्रकार हळूहळू चघळायचा आणि परीक्षा मात्र गिळून द्यायची.

काटेकोर
पटलं नाही. रिव्ह्यूअर घाईत असेल तर तो मुख्य गोष्ट उरकतो आणि साइड मिशनं चाखून सोडतो. उलट आपल्यासारखे प्लॅटिनमच्या (गेममधलं सगळं केल्यावर मिळणारी ट्रॉफी) मागे लागलेलेच सगळे अड्डे, सगळे गुन्हे, ५५ च्या ५५ बॅगा करतात. आणि या गेमचं प्लॅटिनम तुलनेने सोपं असल्यामुळे खूप लोकांनी केलं. म्हणजे रटाळपणा जास्त भोगला तो खेळणाऱ्यांनी, आणि तरी तेच म्हणतात की मजा आली. तुमचा सिद्धांत उलटा लागू होतोय.

सिद्धार्थ_क
प्लॅटिनमवाले स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या वेगाने करतात हो. तारीख डोक्यावर नसते. फरक तिथेच आहे.

स्नेहल_प
घरातलं उदाहरण देते. माझी मुलगी हा गेम खेळते, पण मिशन एकही करत नाही. तिच्यासाठी मी एकदा सुरुवातीचा भाग पार करून दिला, तेव्हापासून ती नुसती फिरते. खाली उतरते, फुटपाथवरच्या लोकांना हात दाखवते, कुणी टाळी देतं, कुणी फोटो काढतं, मग परत वर. पार्कात झाडांना जाळी चिकटतात का ते बघते (चिकटतात!). फास्ट ट्रॅव्हल मात्र मुद्दाम करते, कारण तेवढा वेळ स्पायडरमॅन मेट्रोत सीटवर बसलेला दिसतो आणि शेजारचा प्रवासी त्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेला असतो. ते बघून रोज हसते. तिच्या दृष्टीने या गेमचा रिव्ह्यू लिहायचा तर त्यात साइड मिशन हा शब्दच येणार नाही. आणि मला तिची पद्धत चूक वाटत नाही, गेमने तिला तेवढं दिलंय की.

मृण्मयी_ज
स्नेहल, किती गोड. मेट्रोतला तो झोपाळू माणूस माझाही आवडता.

विनायक_द
अवांतर: डबकी.
ई३ (गेमचं मोठं प्रदर्शन) २०१७ च्या व्हिडिओत छपरावर पाण्याची मोठी डबकी होती, प्रकाशनाच्या आधीच्या व्हिडिओत ती लहान झाली, आणि लोकांनी ग्राफिक्स कमी केले म्हणून किती रान उठवलं होतं. इन्सोम्नियॅकने सांगितलं की डबक्यांची जागा आणि आकार बदललाय, दर्जा नाही, तरी कुणी ऐकेना. नंतर त्यांनी फोटो मोडमध्ये डबक्याचे स्टिकर देऊन टाकले, घ्या, लावा हवी तेवढी. टीकेला एवढं छान उत्तर मी दुसऱ्या कुठल्या स्टुडिओकडून पाहिलेलं नाही.

रात्रपाळी_गेमर
माझ्या एका फोटोत स्पायडरमॅन कमी आणि डबकी जास्त आहेत.

मृण्मयी_ज
टीकेचा विषय निघालाच आहे तर एक गंभीर मुद्दा. त्या वेळी काही समीक्षकांनी लिहिलं होतं की या गेममधला स्पायडरमॅन पोलिसांच्या जरा जास्तच जवळचा आहे. टॉवर म्हणजे पोलिसांची शहरावर नजर ठेवायची यंत्रणा, ती चालू करून देणं हे त्याचं काम, आणि वर तो 'स्पायडर कॉप' म्हणून पोलिसी आवाज काढून विनोद करतो. मला तो विनोद आवडला होता, पण टीका वाचल्यावर टॉवरकडे बघायची नजर बदलली. जो पोरगा मुखवटा घालतो, ज्याला जेमसन रोज पॉडकास्टवरून गुन्हेगार ठरवतो, तो शहरभर कॅमेरे जोडत का फिरेल? गुण वगैरे सोडा, रिव्ह्यूने असा प्रश्न विचारावा.

विनायक_द
गेम खेळायचा की त्यात राजकारण शोधायचं? दिवसभर तेच ऐकतो, संध्याकाळी तरी नको.

मृण्मयी_ज
विनायकजी, तुमचा कंटाळा समजते. पण स्पायडरमॅन हा कुणाच्या बाजूने उभा राहतो हा त्या पात्राचा गाभा आहे, मी बाहेरून काही आणलं नाही. आणि पुढे काय झालं बघा. २०२० च्या माइल्स मोरालेस या पुढच्या गेममध्ये टॉवर गेले. त्याऐवजी ॲप आलं, ज्यावर शेजारीपाजारीच मदत मागतात, कुणाची मांजर हरवली, कुणाच्या दुकानात गडबड. सामान्य माणूस आणि स्पायडरमॅन यांच्यामध्ये पोलीस उरलेच नाहीत. खेळायला पण ते जास्त गोड वाटतं.

विनायक_द
ॲप मला पण आवडलं होतं, हे मान्य.

काटेकोर
मृण्मयी यांनी कळीच्या मुद्द्यावर बोट ठेवलंय. आणखी जोड देतो. २०१८ मध्ये सगळ्यात जास्त शिव्या कशाला पडल्या? एमजे आणि माइल्सच्या लपतछपत चालायच्या मिशनांना. आत्ताच आकाशात उडत होतो आणि आता खोक्यामागे वाकून बसायचं. (ग्रँड सेंट्रलमधलं सोडून. तिथे एमजे खुणावते आणि स्पायडरमॅन वरून एकेकाला उचलतो, ते मस्त जमलंय.) पुढच्या गेममध्ये बघा, माइल्स मोरालेसमध्ये तसली मिशनं नाहीत, आणि २०२३ च्या स्पायडरमॅन २ मध्ये एमजेच्या हातात झटका देणारी बंदूक आली. आता तर ती इतकी भारी झालीय की स्पायडरमॅनला सुट्टी द्या असं लोक म्हणतात. म्हणजे आकडा कुणी ऐकत नसेल, पण रिव्ह्यूतली वाक्यं स्टुडिओने नीट वाचली.

हृषीकेश_व
माझा विषय थोडा वेगळा, पण रिव्ह्यूंबद्दलचाच. माझ्या उजव्या हाताच्या बोटांत ताकद कमी आहे, बटण पटापट दाबायची जागा आली की माझा गेम तिथेच संपतो. २०१८ च्या स्पायडरमॅनमध्ये सेटिंगला जाऊन बटण पटापट दाबण्याऐवजी नुसतं धरून ठेवायची सोय होती, आणि मधले बटणांचे प्रसंग आपोआप पार व्हायचीही. मी हा गेम शेवटपर्यंत खेळू शकलो. मी वाचलेल्या रिव्ह्यूंमध्ये यावर एक ओळ नव्हती. साइड मिशनं रटाळ आहेत हे मला दहा ठिकाणी वाचायला मिळालं, पण मला खेळता येईल का हे एकाही ठिकाणी नाही. २०२३ च्या गेममध्ये आख्ख्या गेमचा वेग कमी करायचीही सोय आली, तेव्हा मात्र बऱ्याच जणांनी आवर्जून लिहिलं. समीक्षाही सुधारतेय.

स्नेहल_प
हृषीकेश, हा या धाग्यावरचा सगळ्यात उपयोगी प्रतिसाद आहे. मनापासून धन्यवाद.

अमोघ_र
+१. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रिव्ह्यूत पहिल्या तीन परिच्छेदांत यायला हवी अशी माहिती आहे ही.

निशाचर
आता मी अमोघच्या सिद्धांताला खरी टाचणी लावतो. सुसाइड स्क्वॉड, रॉकस्टेडीचाच, फेब्रुवारी २०२४. चौघांचं फिरणं चार तऱ्हांचं. हार्ले ड्रोनला लटकून झोके घेते, डेडशॉट उडतो, किंग शार्क उड्या मारतो, बूमरँग क्षणात इकडून तिकडे. फिरणं वाईट नाहीच, कितीतरी रिव्ह्यूंनी तेवढंच कौतुक केलं. आणि गेम? पडला. जोरात पडला. प्रकाशक वॉर्नरनेच अपेक्षेपेक्षा खूप कमी पडला असं सांगितलं. फिरण्याचे ८७ मिळत असते तर यालाही मिळायला हवे होते. बोला.

समीर_खेळकर
गॉथम नाइट्स उलट्या बाजूने. २०२२, कन्सोलवर ३० फ्रेम्सवरच अडकलेला, बॅटसायकल वेगात आहे असं वाटतच नाही, आणि प्रत्येक नायकाची खास फिरायची ताकद सुरुवातीला कुलूपबंद. कथेत बरंच काही चांगलं असून समीक्षकांनी नाक मुरडलं. म्हणजे फिरणं वाईट तर गेम पडतो, पण फिरणं चांगलं म्हणून तरतोच असं नाही.

अमोघ_र
निशाचर, टाचणी छान आहे, यावर रात्रभर विचार केला. सुसाइड स्क्वॉडमध्ये तुम्ही हार्लेसारखे झोके घेत जाता कुठे? एका छपरावर. आणि तिथे पोचल्यावर? बंदूक. चौघांनाही बंदूक. शार्कलासुद्धा! आलात कसे याचा पुढे काही संबंधच राहत नाही.

आता हीच मोजपट्टी स्पायडरमॅनच्या साइड मिशनांना लावा, आणि मला एक गोष्ट दिसली. लोकांनी शिव्या दिल्या त्या कामांची यादी काढा. फिस्कचे अड्डे, डेमनची गोदामं, सेबलच्या छावण्या, टॉवर. सगळीकडे तुम्हाला एका जागी उभं केलं जातं. टॉवरवर तर चक्क दोन काड्या फिरवून लहरी जुळवत बसायचं. आता लोकांना काय आवडलं? हॉवर्डची बारा कबुतरं. म्हातारा छपरावर बसलाय, त्याची कबुतरं उडाली, ती पकडायची. कबुतर इमारतींमधून वळणं घेत जातं आणि तुम्हाला त्याच्या मागे झोके घेत राहावं लागतं, मध्ये एक झोका चुकला की ते लांब गेलंच. काम तेच तेच आहे, बारा वेळा, तरी कुणी रटाळ म्हणत नाही. कारण त्यात झोका थांबत नाही. टास्कमास्टरच्या ड्रोनचंही तेच. म्हणजे तक्रार 'तेच तेच' ची नव्हतीच, तक्रार 'खाली उतरवलं' याची होती, आणि रिव्ह्यूवाल्यांनी तिला चुकीचं नाव दिलं.

जुना_कन्सोल
अमोघ, शाब्बास! आणि २००७ चा क्रॅकडाउन याला पुरावा. शहरभर छपरांवर ५०० हिरवे गोळे, चपळाईचे. गोळा घेतला की उडी वाढते, उडी वाढली की आणखी उंचावरचा गोळा दिसतो. पाचशे एकसारखी कामं! आणि लोक अजून त्या गोळ्यांसाठीच तो गेम आठवतात, गोष्ट काय होती ते कुणालाच सांगता येत नाही. फुगाही आठवतो तो त्यामुळेच बघ, फुग्यामागे उडावं लागायचं.

मृण्मयी_ज
थांबा थांबा, कबुतरं तुम्ही एकटेच नेऊ नका :) हॉवर्डचं मिशन आवडतं ते हॉवर्डमुळे. तो म्हातारा बोलतो कसा, त्याला त्या पक्ष्यांशिवाय कुणी नाही, हे कळतं म्हणून आपण बाराव्या कबुतरापर्यंत जातो. ड्रोनमागे पण तसेच झोके घ्यावे लागतात, ड्रोनसाठी कुणी रडलंय का? २०२३ मध्ये हॉवर्ड परत येतो आणि आपण त्याच्या कबुतरांना नव्या घरी पोचवायला जातो. त्या मिशनात आव्हान जवळपास शून्य आहे, नुसतं त्यांच्याबरोबर तरंगायचं. आणि त्या गेममधल्या सगळ्यात आठवणाऱ्या मिशनांत लोक त्याचं नाव घेतात.

सिद्धार्थ_क
'तरंगायचं' म्हणालात तिथे दोघंही बरोबर ठरताय. हातांना तेच काम द्या जे गोष्ट सांगतेय. अड्ड्यांमध्ये दोन्ही नाही, गोष्टही नाही आणि झोकाही नाही.

काटेकोर
२०२३ चा निघालाच आहे तर नोंद: मेटाक्रिटिक ९०, म्हणजे मालिकेतला सर्वात जास्त. गेम अवॉर्ड्समध्ये सात नामांकनं, पुरस्कार शून्य, ते वर्ष बाल्डर्स गेट ३ चं होतं. आणि तीन गुण जास्त असूनही बरेच जण म्हणतात की गोष्ट २०१८ चीच सरस, इथे शेवट उरकल्यासारखा वाटतो. आकडे एकमेकांशेजारी ठेवून काही कळत नाही ते असं.

निशाचर
त्याच्यात पंख दिले हे मला खटकलं. जाळ्याचे पंख उघडून वाऱ्यावर क्वीन्सपर्यंत सरळ जाता येतं, मग झोका कोण घेणार?

अमोघ_र
सेटिंगमध्ये जाऊन झोक्याची मदत शून्य करा आणि पडल्यावर इजा होईल हे चालू करा. पंख आपोआप विसराल. नदी ओलांडताना मात्र लागतात, तिथे चिकटायला काही नाही.

जुना_कन्सोल
मदत शून्य केल्यावर भिंतीवर आपटता येतं का परत?

अमोघ_र
येतं, काका.

जुना_कन्सोल
मग आज रात्री लावतो.

प्राजक्ता_नवीन
नमस्कार, बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिलाच प्रतिसाद. यातला एकही गेम खेळलेला नाही, पीसी आहे. सगळं वाचून खेळावंसं वाटतंय, पण सुरुवात कशाने करू? आणि सगळे अड्डे, टॉवर करायलाच लागतात का?

काटेकोर
स्वागत! २०१८ चा रीमास्टर्ड ऑगस्ट २०२२ पासून पीसीवर आहे, त्यातच नंतर आलेली तिन्ही डीएलसी (जोड भाग) आहेत. तोच घ्या. अर्खम नाइट २०१५ मध्ये पीसीवर इतका बिघडलेला आला होता की वॉर्नरने दुसऱ्याच दिवशी विक्री थांबवली, ऑक्टोबरअखेर दुरुस्त होऊन परत आला. पण तो नंतर, आधी अर्खम सिटी. २००४ चा पीसीवाला अजिबात नाही, काकांनी वर सांगितलंय.

अमोघ_र
टॉवर करा, त्याने मॅप दिसतो, दोन मिनिटांचं काम आहे. अड्डे मनात आले तर करा, नवे सूट हवे असतील तर थोडे लागतील. कबुतरं सगळी.

मृण्मयी_ज
आणि गोष्ट संपेपर्यंत या धाग्यावर परत येऊ नका प्राजक्ता, मी वर सगळा शेवट सांगून ठेवलाय!